दारातला ओला फडका

“…आणि मावलं नाही तर?”

“टाकून द्यायचं, अक्का.”

“कुठे?”

मिहीर हसला. “कुठेच नाही. टाकलं म्हणजे टाकलं. राउटर पुढचं पॅकेट हातात घेतो.”

“बरं,” अक्का म्हणाल्या.

अक्का सावरदऱ्याच्या मठात राहत. त्याआधी सारी नोकरी टेलिफोन खात्यात इंजिनिअर म्हणून झालेली. मठाचं रुग्णालय शेजारीच होतं आणि त्याचे छोटे दवाखाने वर डोंगरात. ते सगळे जोडणारी लाइन अक्कांनीच उभी केली होती. आता राउटरचं काम शिकायला त्यांच्याकडे पोरं येत. शिकवणं म्हणजे काय, तर अक्का विचारत राहत. पोरं वैतागत, आणि तरी जात नसत.

मिहीर दाभाडे त्यांतला सर्वांत हुशार. ही गोष्ट त्याला कुणी वेगळी सांगायची गरज नव्हती.

मठाचा वर्धापनदिन होता. पंगती उठल्या होत्या. गुरू-शिष्य ओसरीवर बसले होते आणि मिहीरच्या मांडीवर सत्काराची शाल होती, घडी न मोडलेली.

“पुन्हा सांग,” अक्का म्हणाल्या. “अगदी पहिल्यापासून.”

“वर जाणारी लाइन एवढीशी आहे. बोलणं असो, चित्र असो, सगळं तुकड्या-तुकड्यांनी, म्हणजे पॅकेटांनी, जातं. म्हणून प्रत्येक तुकड्यावर शिक्का मारायचा. तातडीचं, नेहमीचं, सावकाशीचं. तातडीचं पुढे काढायचं.”

“मग?”

“मग त्यालाही मर्यादा. नाहीतर तातडीचंच सगळी लाइन खाऊन टाकेल. मर्यादेबाहेर गेलं की थेट टाकायचं. हे तुम्हीच शिकवलंत, अक्का.”

“हो… मीच शिकवलं.”

“काल मी एकट्याने सगळं बसवलं. आज रावसाहेबांचं भाषण इथून थेट धारमाथ्याच्या दवाखान्यात दिसलं. एकदाही अडकलं नाही! सकाळपासून एक तक्रार नाही.”

“तक्रार कुठल्या रस्त्याने येते?”

“त्याच लाइनने. वर मोबाइलला रेंज कुठे आहे?”

अक्का गप्प राहिल्या.

मिहीरला ते गप्प राहणं शाबासकीसारखं वाटलं. अक्का कौतुक करायच्या तर अशाच करायच्या, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

“भाषणावर शिक्का कोणता होता?”

“तातडीचा.”

“आणि डॉक्टरांच्या फोनवर?”

“तोही तातडीचाच. तो तर तुम्ही पहिल्यापासून ठेवलाय. पण ती वाट मोकळीच पडून असायची, अक्का. कधीतरी एखादा फोन. मला ते वाया जातंय असं वाटलं.”

“भाषणावरचा शिक्का कोणी मारला?”

“कॅमेऱ्यामागचा डबाच मारून पाठवतो. मी राउटरला एवढंच सांगितलं, की त्याचा शिक्का मान.”

“न बघता?”

“रावसाहेबांचं भाषण आहे, अक्का! मठाचे अध्यक्ष आहेत ते. त्यात काय बघायचं?”

अक्कांनी त्याच्या कपाळाकडे पाहिलं. तिथे कुंकवाचा मोठा टिळा होता. सकाळी मंचावर खुद्द रावसाहेबांनी लावलेला.

“आज काय जेवलास?”

मिहीर गोंधळला. “मऊभात. वर साजूक तूप. दोनदा घेतला. फार छान होता. का?”

इथे सावरदऱ्याची रीत सांगायला हवी. पंगतीच्या दारात गोपाळबुवा बसतात. एका हाताशी ओला फडका, दुसऱ्या हाताशी अष्टगंधाची वाटी. घरून कुणी कसलाही टिळा लावून येवो, बुवा तो आधी पुसतात. मग विचारतात, “दुखणं काय?” आजारी असेल, थकलेला असेल, अंगावर पाजणारी बाई असेल, तर त्या कपाळाला बुवा स्वतः गंध लावतात. आत वाढपी फक्त ते कपाळ बघतो. टिळा असलेल्याला मऊभात, आधी आणि गरम. बाकीच्यांना भाकरी-आमटी. मऊभाताचं पातेलं एकच असतं आणि लहान असतं.

त्या दुपारी बुवांनी फडका उचलला, तेव्हा मिहीर हसून म्हणाला होता, “अहो, हा रावसाहेबांनी लावलाय!”

बुवांचा हात थांबला. मिहीर आत गेला. त्याच्यामागून मंचावरची सगळी मंडळी तशीच आत गेली, कारण त्यांनाही तोच टिळा होता.

“बुवा,” अक्कांनी हाक मारली, “ते पातेलं आणा जरा.”

गोपाळबुवा पातेलं घेऊन आले. ते घासायचंसुद्धा राहिलं होतं. कडेला भाताची चार शितं वाळून बसली होती.

“केव्हा संपलं?”

“पहिल्याच पंगतीला, अक्का.” बुवा मिहीरकडे बघत नव्हते. “नंतर ती वरच्या आळीची म्हातारी आली. दात नाहीत तिला. गंध लावलं मी. आत गेली आन् तशीच परत आली. म्हनली, असू द्या बुवा, मला भूकच न्हाई.”

मिहीरच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. तो लाजला, आणि लाजला म्हणून चिडला.

“अक्का, एवढ्याशा भातावरून तुम्ही मला…”

वाक्य तिथेच राहिलं. फाटकातून एक जीप आत घुसली. हॉर्न थांबतच नव्हता.

जीप ओसरीसमोरून रुग्णालयाच्या दाराशी गेली. मागच्या फळीवर एक बाई आडवी होती. पोट मोठं, डोळे पांढरे, दातांत फडक्याचा बोळा. तिचं डोकं मांडीवर धरून धारमाथ्याची नर्स सुगंधा बसली होती. तिच्या पांढऱ्या कोटावर जीपचं ऑइल आणि रक्त दोन्ही होतं.

आतून डॉक्टर रेवती धावत आल्या.

“सुगंधा! अगं, केव्हाची सांगतेय मी तुला! झटक्यांवरची सुई दे आणि लगेच निघ, म्हणून ओरडत होते फोनवर!”



“मॅडम… तुम्ही होता फोनवर?”

“होते म्हणजे? तुझा शब्द न् शब्द ऐकू येत होता मला! तू मात्र ‘हॅलो, हॅलो’ करत राहिलीस!”

“मला काहीच येईना, मॅडम. मधेच ‘सुगं’… मग काही नाही. मग ‘द्याय’… मग काही नाही. किती द्यायचं, ते नेमकं गळत होतं. मला वाटलं पलीकडे कुणीच नाही.”

“मी होते गं!”

“मी परत लावत राहिले. आता लागेल, मग लागेल… त्यात वेळ गेला. आणि दुसरा झटका आला.”

स्ट्रेचर आत गेलं. दार बंद झालं.

सुगंधा बाहेरच उभी राहिली. हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. ओसरीवर ओळखीची माणसं दिसली म्हणून ती तिकडे आली आणि पायरीवर बसली. गोपाळबुवांनी पाण्याचा तांब्या दिला. तो तिने घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“कोण आहे ती?” अक्कांनी विचारलं.

“सारिका. धारमाथ्याचीच. पहिलटकरीण आहे. सकाळी डोकं दुखतंय म्हणून चालत आली होती, अक्का. स्वतःच्या पायांनी.”

मिहीर उभा होता. त्याची शाल खाली पडली होती. त्याला जीपकडेही बघवत नव्हतं आणि सुगंधाकडेही.

सुगंधाने त्याला ओळखलं. लाइनचं काम हाच बघतो, एवढं तिला माहीत होतं.

“साहेब,” ती म्हणाली, “माझा फोन एकदा तपासून द्या ना. त्यातच काहीतरी बिघाड आहे.”

“फोन…?”

“लाइन नाही हो बिघडलेली. लाइन झकास आहे. समोर बाकाच्या वर टीव्ही चालू होता ना, रावसाहेबांचं भाषण. एकदा म्हणून अडकलं नाही. एकेक शब्द स्वच्छ. म्हणून तर मला कळलं, की दोष माझ्याच यंत्राचा आहे.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मिहीरला धरायला काहीतरी मिळालं असतं.

तो खाली पडलेल्या शालीवरच बसला.

त्याला ते सगळं दिसलं. दवाखान्यातला बाक, बाकावर तडफडणारी बाई, तिच्या डोक्यावर टीव्ही, आणि टीव्हीत हसणारे रावसाहेब. वर जाणाऱ्या एकाच वाटेवर भाषण आणि डॉक्टरांचा आवाज, दोघांची गर्दी; खाली येणारी वाट तेवढी मोकळी. दोघांच्याही कपाळावर तोच शिक्का. मर्यादा भरली की राउटर टाकतो. भाषणाचा गळलेला तुकडा डबा पुन्हा पाठवतो; फोनवरचा गळलेला शब्द गेला तो गेलाच. कुणाचं टाकलं, हे राउटर बघत नाही. त्याने बघावं असं कुणी त्याला सांगितलेलंच नव्हतं.

“अक्का…” तो म्हणाला. “मी…”

अक्कांनी हात वर केला. 

 त्या एरवी दगडासारख्या बसत. आज त्यांनी खांबाचा आधार घेतला होता. त्यांच्याकडे बघून मिहीर आणखीच घाबरला.

“तुम्हाला ठाऊक होतं?” त्याने विचारलं.

“ठाऊक नव्हतं. शंका आली होती.”

“मग सकाळीच माझं काम तपासलं का नाहीत? तुमच्या एका नजरेत दिसलं असतं!”

“दिसलं असतं.”

“मग…?”

“कपाळावरचा टिळा बघितला आणि म्हटलं, जेवण होऊ दे. पातेलं दाखवून शिकवू.” अक्का पातेल्याकडे बघत होत्या. “असं दाखवून शिकवण्याचीच मला हौस.”

 मांडवातल्या लाउडस्पीकरवर आभारप्रदर्शन चालू होतं. कार्यक्रम निर्विघ्न पार पडल्याबद्दल तांत्रिक विभागाचे आणि विशेषतः श्री. मिहीर दाभाडे यांचे आभार मानले गेले. टाळ्या झाल्या.

मिहीरने दोन्ही कानांवर हात ठेवले.

ऊन भिंतीवरून वर सरकलं. रुग्णालयाचं दार उघडलं आणि डॉक्टर रेवती बाहेर आल्या. त्यांनी टोपी काढली. जमलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

“सारिका वाचली,” त्या म्हणाल्या.

सुगंधा उठली. “आणि…?”

डॉक्टरांनी मान हलवली.

“मुलगी होती,” त्या म्हणाल्या. आणि मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून, “केस होते भरपूर.”

सुगंधा रडली नाही. तिने तांब्या खाली ठेवला, अगदी हळू, आवाज होऊ न देता, आणि आत गेली. सारिका शुद्धीवर आली की तिला सांगायचं काम आता तिचं होतं.

मिहीर उठला तो सरळ फाटकाकडे निघाला.

“कुठे?” अक्कांनी विचारलं.

“घरी. मी पुन्हा राउटरला हात लावणार नाही.”

“आणि वर आत्ता कुणाला झटका आला तर?”

तो थांबला.

“राउटर अजून त्या डब्याचा शिक्का मानतोय,” अक्का म्हणाल्या. “उद्या कीर्तन दाखवायचंय त्यांना.”

मिहीर परत फिरला. पंगतीच्या दाराशी गोपाळबुवा बसले होते. पंगत केव्हाच संपली होती, तरी फडका भिजवून हातात धरला होता. मिहीर त्यांच्यासमोर वाकला. बुवांनी त्याचं कपाळ पुसलं. कुंकू ओलं होऊन नाकावर उतरलं, ते पुन्हा पुसलं. फडका लाल झाला.

“चुकलं, बुवा,” मिहीर म्हणाला.

“माजंबी,” बुवा म्हणाले. “हात थांबला माजा.”

कपाळ गार झालं. मिहीरला जरा मोकळं वाटलं. आपण काहीतरी शिकलो, असं वाटलं. त्याने अक्कांकडे पाहिलं.

अक्का त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या राउटरच्या खोलीकडे चालू लागल्या होत्या.

खोली लहान होती. लोखंडी कपाटात राउटर घुमत होता, त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. सकाळपासून ते तसेच हिरवे होते. मिहीर खुर्चीवर बसला, अक्का मागे उभ्या राहिल्या.

त्याने कीबोर्ड पुढे ओढला.  डब्याचा शिक्का मानू नकोस, असं राउटरला सांगितलं. बाहेरून जे काही शिक्का मारून येईल, त्याचा शिक्का दारातच काढ. मग तू स्वतः बघ, कोण आहे ते. डॉक्टरांचा फोन असेल तरच तातडीचा शिक्का मार. भाषण, कीर्तन, सगळं नेहमीच्यात. जागा असेल तेवढं जाऊ दे, नसेल तर अडखळू दे.

“वाट मोकळी पडून राहील,” तो पुटपुटला.



त्याने डॉक्टरांच्याच वाटेने धारमाथ्याला फोन लावला आणि त्याच वेळी डबाही चालू ठेवला, मुद्दाम, मघासारखीच गर्दी व्हावी म्हणून. वर दवाखान्याच्या झाडलोटीच्या बाईंनी फोन उचलला.

“कोन बोलतंय?”

“मी मठातून बोलतोय, मावशी. आवाज येतोय का?”

“येतोय की. शेजारी बसल्यावानी येतोय.” मग त्या घाईने म्हणाल्या, “ह्ये बगा, टीव्ही मातुर अडकाय लागलाय. आणि आमच्या सारिकीचं काय झालं? हितं तिची सासू दुपारधरनं दारात उभी हाय. काय सांगू तिला?”

 त्याने फोन पुढे केला. अक्कांनी तो घेतला, आणि जे सांगायचं ते दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडून काहीच आलं नाही. लाइन स्वच्छ होती. त्या स्वच्छ लाइनवर कुणाचं तरी श्वास घेणं तेवढं ऐकू येत होतं. मग एक आवाज आला, बाईचा, म्हाताऱ्या बाईचा. तो आवाज मिहीर जन्मात विसरणार नाही.

अक्कांनी फोन ठेवला नाही. पलीकडचा आवाज थांबेपर्यंत कानाशी धरून उभ्या राहिल्या.

मग खोलीत फक्त राउटरची घुमघुम उरली.

मिहीरने डोळे पुसले. हात कामाला लागले की माणूस थोडा सावरतो. तो कीबोर्डकडे वळला. पडद्यावर तातडीच्या वाटेचा हिशेब दिसत होता. किती आलं, किती गेलं, आणि शेवटी मर्यादेबाहेर म्हणून किती टाकलं. तो शेवटचा आकडा मोठा होता. सकाळपासून तो वाढतच गेला होता आणि त्याने एकदाही तो उघडून पाहिला नव्हता. आता तो थांबला होता.

काम झालं की हे आकडे शून्य करायचे, ही या धंद्यातली सवय. जुनं पुसलं की नवीन काही बिघडलं तर लगेच दिसतं. अक्कांनीच ती त्याला पहिल्या आठवड्यात लावली होती.

“हे शून्य करून टाकतो,” तो म्हणाला. “म्हणजे उद्यापासून काही पडलं तर कळेल.”

त्याने आज्ञा टाइप केली. बोट शेवटच्या कळीवर नेलं.

अक्कांनी मागून त्याचं मनगट धरलं.

पकड म्हातारीची नव्हती. मिहीरने मान वर केली. पडद्याच्या काचेत त्याला स्वतःचं पुसलेलं कपाळ दिसलं, आणि त्याच्या मागे अक्कांचा चेहरा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

“अक्का… काय झालं? पुसायचं नाही?”

अक्कांनी दुसरा हात पुढे केला आणि त्या आकड्यावर बोट टेकवलं.

“यातले सारिकाच्या वाटचे तुकडे कोणते, ते वेगळे काढून दाखव… मग पूस.”